वाटाणे नकोत, मांजरं मोजा: मुंबईच्या गल्लीतून आनुवंशिकता वाचायची रीत

दहावीच्या विज्ञान भाग दोनचं पहिलंच प्रकरण आनुवंशिकतेचं. शाळा नुकती उघडलेली असते, बाहेर पाऊस लागलेला, खिडक्या बंद, आणि फळ्यावर मेंडेलचे वाटाणे. एक गोल, एक सुरकुतलेला. मुलं तीनास एक हे गुणोत्तर पाठ करतात, चौकट काढतात, गुण मिळवतात. वाटाण्याचं झाड मात्र वर्गातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. हिवाळ्यात आईसोबत शेंगा सोलल्या असतील, तेवढीच ओळख.

मेंडेलकडे ब्रनोच्या मठाची बाग होती, हाताशी आठ वर्षं होती आणि त्यात त्याने सुमारे २८,००० झाडं तपासली. आपल्याकडे दीड खोली आणि ग्रिलमध्ये एक तुळस. पण मुंबईकराच्या दारात मेंडेलच्या बागेत नव्हती अशी एक गोष्ट आहे: मांजरं. माहीमच्या बाजारात, वरळी कोळीवाड्यात, गिरगावातल्या चाळीच्या जिन्याखाली, सोसायटीच्या मीटरच्या खोलीत. त्यांचे रंग दुरून दिसतात, आई पिल्लांजवळ सापडते, गाभणी राहिली की नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. शिवाय त्यांची लग्नं कुणी ठरवत नाही. हा शेवटचा मुद्दा हिशेबाच्या वेळी फार उपयोगी पडतो.

मी माहीमला राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षं मुलांकडून हा मांजरांचा प्रकल्प करून घेते. चार रविवारच्या सकाळी मोजणीला पुरतात. पिल्लांचा भाग करायचा असेल तर आणखी दोन महिने धरा.

निघण्याआधी: कोणता फरक रक्तातला, कोणता नशिबातला

दोन मांजरं एकमेकांपासून वेगळी दिसतात, याला विचरण म्हणतात. पण दिसणारा प्रत्येक फरक आईबापांकडून आलेला नसतो, आणि सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

कानाचं टोक सरळ छाटलेलं दिसलं तर ती नसबंदी झाल्याची खूण आहे. पिल्लात उतरणार नाही. शेपूट वाकडं असेल तर घाई करू नका. शटरमध्ये किंवा रिक्षाखाली सापडलेलं शेपूटही तसंच दिसतं. मिळवलेले बदल पुढच्या पिढीत जात नाहीत हे दाखवायला ऑगस्ट वाइजमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात पिढ्यानपिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. पिल्लं जन्मली ती शेपटीसकटच. मुंबईतल्या शटरांनी हाच प्रयोग फुकटात चालवला आहे.

तिसरा एक प्रकार मधला आहे. सयामी मांजर तुम्ही पाहिलं असेल: अंग दुधी, कान, नाक, पंजे, शेपूट गडद. यात रंग बनवणाऱ्या विकराची (एन्झाइमची) अशी आवृत्ती असते की ते थंड जागी चालतं, गरम जागी बंद पडतं. अंगापेक्षा कानाची नि शेपटीची टोकं थंड, म्हणून तिथेच रंग चढतो. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लं जन्मतात पांढरी. जनुक आईबापांचं, पण रंग भरताना हवाही हात लावते. सोडून दिलेल्या पाळीव मांजरांमुळे असा एखादा नमुना रस्त्यावरही भेटतो.

तेव्हा वहीत दोन भाग करा. डावीकडे जन्मतःचं, उजवीकडे नंतरचं. शंका असेल ते उजवीकडे.

कॅरमच्या सोंगट्यांची एक तालीम

थेट बाजारात जाऊ नका. आधी घरात अर्धा तास बसा. कॅरमचा डबा काढा. सोंगट्या हाताला सारख्या लागतात, म्हणून त्या हव्यात.

मांजराला गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यातली एक जोडी लिंग ठरवते: मादीला दोन एक्स, बोक्याला एक एक्स आणि एक वाय. (मादी मांजरीला मराठीत ‘भाटी’ असा नेमका शब्द आहे. तो मागे पडत चाललाय, पण या कामात फार सोयीचा आहे, म्हणून पुढे तोच वापरते.) केस तांबडे की काळे हे ठरवणारा बदल एक्स गुणसूत्रावर बसलेला आहे. पांढरी सोंगटी म्हणजे ‘तांबडं’ सांगणारा एक्स, काळी सोंगटी म्हणजे ‘काळं’ सांगणारा एक्स. आणि वाय म्हणून लाल राणी घ्या. राणी असली की बोका. मुलं यावर दरवर्षी हसतात आणि त्यामुळेच विसरत नाहीत.

आता दोन पिशव्या. आईच्या पिशवीत एक पांढरी, एक काळी. ही झाली तिरंगी भाटी. बापाच्या पिशवीत एक काळी आणि राणी, म्हणजे काळा बोका. न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक सोंगटी काढा, निकाल लिहा, सोंगट्या परत टाका, पिशवी हलवा. असं ४० वेळा.

चार प्रकारची पिल्लं निघतील: तांबडा बोका, काळा बोका, तिरंगी भाटी, काळी भाटी. प्रत्येकी दहा यायला हवीत, पण येणार नाहीत. तेरा, आठ, अकरा, आठ असं काहीतरी येईल, आणि तेच बरोबर आहे. मेंडेलच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल नि १,८५० सुरकुतलेले दाणे होते. भागाकार करा, २.९६ येतो. एवढे दाणे मोजूनही नेमके तीन आले नाहीत. चार पिल्लांच्या वेतात ‘एक यायलाच हवं होतं’ असं म्हणणाऱ्याला ही तालीम पुन्हा करायला लावा.

सोंगट्या आवरण्याआधी एक गोष्ट बोटाने तपासून घ्या. बोका निघालेल्या पिल्लात बापाकडून फक्त राणी आली. रंगाची सोंगटी आली ती आईकडूनच. पुढची सगळी गुप्तहेरगिरी या एका वाक्यावर उभी आहे.

वही, वाट आणि वेळ

पेन नको, पेन्सिल घ्या. मुंबईच्या दमट हवेत आणि मासळी बाजाराच्या ओल्या फरशीवर शाई टिकत नाही. पुठ्ठ्याची वही, कॅमेऱ्याचा फोन, बस्स.

वाट एकच ठरवा आणि दर वेळी त्याच वाटेने जा. माझी वाट बाजाराच्या मागून सुरू होते, दोन जुन्या चाळींच्या मधून जाते आणि खाडीच्या बाजूला संपते. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ उत्तम: मासळी उतरत असते, मांजरं उघड्यावर येतात आणि माणसं आपल्याला वेडं ठरवण्याइतकी जागी झालेली नसतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि पाऊसही असतो, म्हणून मांजरं कोपरे धरतात. धडा जूनमध्ये येतो खरा, पण मोजणी नारळी पौर्णिमेनंतर करावी असं माझं मत झालं आहे.

खाऊ टाकून मांजरं गोळा करू नका. दया म्हणून टाका, मोजणीसाठी नको. खाऊ टाकला की शेजारच्या गल्लीतलीही येतात, वहीचा पार विचका होतो आणि वर सोसायटीच्या सेक्रेटरींशी वाद. मांजराला हात लावायचा नाही, पिल्लांना तर नाहीच. तरीही ओरखडा किंवा चावा बसलाच तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे पालकांना आधीच सांगून ठेवावं.

एकच मांजर दोनदा मोजलं जाणं ही सगळ्यात मोठी अडचण. उपाय सोपा आहे: प्रत्येकाचा डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन फोटो. पांढऱ्या डागांचा नकाशा दोन मांजरांत सारखा नसतो. तो त्यांचा अंगठ्याचा ठसा समजा. पूर्ण तांबडी आणि पूर्ण काळी मांजरं मात्र छळतात. त्यांची जागा, कान आणि शेपूट लिहून ठेवा.

लिंग कसं ओळखायचं? नसबंदी न झालेला बोका गालफुगा असतो, मागून पाहिल्यावर अंडकोश दिसतात. शेपूट वर असेल तेव्हा अशी खूण लक्षात ठेवा: बोक्याच्या दोन जागा विसर्गासारख्या, दोन ठिपके, मध्ये अंतर. भाटीच्या एकमेकींना जवळ, वर ठिपका आणि खाली उभी रेघ, म्हणजे उद्गारचिन्ह उलटं केल्यासारखं. कळलं नाही तर रकान्यात प्रश्नचिन्ह टाका. अंदाज टाकू नका.

शंभर मांजरं हे उद्दिष्ट ठेवा. त्यात निदान चाळीस भाट्या खात्रीच्या हव्यात.

अंगावरची अक्षरं वाचताना

आता मुख्य काम. प्रत्येक मांजराकडे पाहून ठराविक क्रमाने प्रश्न विचारायचे. क्रम चुकवला की गोंधळ होतो, कारण काही जनुकं दुसऱ्यांना झाकतात.

पहिला प्रश्न: तांबडं, काळं की दोन्ही? करडं पट्टेरी मांजर इथे ‘काळ्या’तच धरा, कारण त्याच्या पट्ट्यांचा रंग काळाच असतो. बोक्याकडे एकच एक्स, म्हणून तो एक तर तांबडा, नाहीतर काळ्या गटातला. भाटीकडे दोन, म्हणून ती तांबडी, काळी किंवा दोन्ही रंगांची, म्हणजे दुरंगी (वर पांढरंही असेल तर तीच तिरंगी). एकाच अंगावर दोन्ही रंग का दिसतात याचं उत्तर मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली मांडलं. मादीच्या पेशीत दोन एक्स असले तरी गर्भावस्थेतच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते, आणि कोणता बंद होणार ते नशिबावर. जिथे काळ्याचा बंद झाला तिथून वाढलेला भाग तांबडा, जिथे तांबड्याचा बंद झाला तिथे काळा. अंगावरचा नकाशा जनुकांत लिहिलेला नसतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये एका तिरंगी भाटीची क्लोन, म्हणजे जनुकीय प्रत, जन्माला आली. तिच्या अंगावर तांबड्याचा मागमूस नव्हता.

तांबड्याचा हा एक्सवरचा संबंध विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होता, पण नेमकं जनुक २०२५ मध्ये छापून आलं. जपान आणि अमेरिका इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की एक्सवरचा सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा गळला आहे, आणि त्यामुळे शेजारचं एक जनुक रंगपेशींत भलत्याच जोराने चालू राहतं. शंभर वर्षं लोक फक्त मांजरं मोजून जे सांगत होते, त्याला रेणूंचा दुजोरा मिळाला.

आणि तिरंगी बोका? साधारण तीन हजारांत एक. त्याच्याकडे दोन एक्स आणि एक वाय असा जादा ऐवज असतो, आणि तो बहुधा वांझ असतो. तुमच्या वहीत दोन तिरंगी बोके आले तर आनंद मानू नका, लिंग पुन्हा तपासा.

दुसरा प्रश्न: पट्टे आहेत का? काळ्या गटात पट्टे असणं प्रभावी (एकच आवृत्ती आली तरी दिसतं), एकसंध काळं असणं अप्रभावी (दोन्ही बाजूंनी आली तरच दिसतं). म्हणजे दोन पट्टेरी मांजरांना काळंकुट्ट पिल्लू होऊ शकतं, पण दोन काळ्यांना पट्टेरी होत नाही. तांबड्या मांजरात हा प्रश्न विचारूच नका. तांबडं मांजर आतून कसंही असो, बाहेर पट्टे थोडेफार दिसतातच. तिथे रकाना रिकामा सोडायचा. नवशिके इथे हमखास ‘पट्टेरी’ लिहून ठेवतात.

तिसरा: रंग गडद की फिका? फिकेपणा अप्रभावी आहे. दोन्ही बाजूंनी फिक्याची आवृत्ती आली की काळ्याचं राखाडी होतं, तांबड्याचं साईसारखं पिवळट. लोक राखाडी मांजराला ‘परदेशी’ म्हणतात. काही परदेशी नाही, दोन देशी काळ्यांची लेक असू शकते.

चौथा: पांढरं किती? एकही आवृत्ती नसेल तर पांढरं नाही, एक असेल तर छाती-पंजे-पोट, दोन असतील तर अर्ध्याहून जास्त अंग पांढरं. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. ढोबळ नियम आहे, सीमारेषेवरची मांजरं भांडायला लावतात. एक गंमत मात्र बघण्यासारखी: पांढरं नसलेल्या दुरंगी भाटीत काळं-तांबडं शिंपडल्यासारखं मिसळलेलं असतं, आणि पांढरं जितकं जास्त तितके रंगांचे ठिगळ मोठे नि स्वच्छ.

केस लांब की आखूड, हा शेवटचा. लांब केस अप्रभावी. इमारतींच्या वसाहतींत लांब केसांचं मांजर दिसलं तर बहुतेक वेळा कुणाचं तरी सोडून दिलेलं पर्शियन, किंवा त्याचा नातू. कोळीवाड्यात ते क्वचितच. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात त्या केसांची अवस्था बघवत नाही, पण तो विषय वेगळा.

डोळ्यांचा रंग दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांत लिहू नका. जन्मतः सगळ्यांचेच निळे असतात.

एक वेत, आणि माझी फजिती

आई आणि पिल्लं एकत्र सापडली की खरी मजा. नियम तीनच लक्षात ठेवायचे. तांबडा मुलगा असेल तर आईकडे तांबडं आहेच. दुरंगी मुलगी काळ्या आईला झाली तर बाप तांबडा. राखाडी पिल्लू असेल तर फिक्याची आवृत्ती आई आणि बाप दोघांकडे आहे, दिसो वा न दिसो.

मी ज्यांच्याकडे बोंबील घेते त्या मावशींच्या फळीखाली एका काळ्या-पांढऱ्या भाटीने चार पिल्लं घातली होती. मावशींनी विचारलं, “टीचर, तुम्ही एवढं लिहिता, तर सांगा बघू, बाप कोण? मी म्हणते तो बर्फवाल्याकडचा लाल बोका.”

मी वही उघडली. एक काळा बोका: बापाबद्दल काहीच सांगत नाही, कारण त्याने बापाकडून राणी घेतली. एक राखाडी बोका: तोही बापाच्या तांबडेपणाबद्दल गप्प, फक्त एवढं सांगतो की त्याच्या बापाकडे फिका रंग लपलेला आहे. एक तिरंगी भाटी: हिचा बाप तांबडा, मावशींचा संशय बरोबर. आणि एक पूर्ण काळी भाटी. इथे मी थांबले. तांबड्या बोक्याकडे एकच एक्स, तोही तांबडा. त्याच्या प्रत्येक मुलीत तो उतरणारच. मग काळी मुलगी त्याची असूच शकत नाही. म्हणजे एका वेतात दोन बाप! मांजरांत हे खरोखर होतं. भाटी माजावर असताना वेगवेगळ्या बोक्यांकडून गाभण राहू शकते. मी सगळ्या फळीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल जाहीर केला. मावशींनी कपाळाला हात लावला, शेजारणींनी पुढचे पंधरा दिवस त्या भाटीची चेष्टा केली.

तीन आठवड्यांनी ती ‘काळी भाटी’ शेपूट वर करून माझ्यासमोरून गेली. विसर्ग.

तेव्हापासूनची पद्धत अशी: पिल्लांचं लिंग सहा-आठ आठवड्यांआधी पक्कं लिहायचं नाही, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी पाहायचं. पूर्ण काळी वाटणारी भाटी उन्हात पाहायची. हनुवटीवर, पंजाच्या बोटांमध्ये चार तांबडे केस लपलेले असतात आणि तेवढ्याने निकाल उलटतो. आणि बाप ‘सिद्ध’ होत नाही, फक्त काही बोके वगळले जातात. मावशी मात्र आजही मला बघितलं की विचारतात, “काय टीचर, आज किती बाप?”

आता हिशेब

तुम्ही चौकट काढता ती रेजिनाल्ड पनेट या इंग्लिश शास्त्रज्ञाच्या नावाची. १९०८ मध्ये त्याच्यापुढे प्रश्न आला: प्रभावी गुण प्रभावी आहे, तर तो वाढत वाढत सगळ्या लोकसंख्येत का पसरत नाही? त्याने तो क्रिकेटमधल्या आपल्या मित्राला, गणितज्ञ जी. एच. हार्डीला विचारला. हाच तो रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारा हार्डी. त्याने चार ओळींत उत्तर दिलं. जर्मनीत वाइनबर्ग या डॉक्टरने त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच काढलं. उत्तर असं की जोड्या आपोआप जुळत असतील तर आवृत्त्यांचं प्रमाण पिढ्यानपिढ्या जागच्या जागी राहतं.

वहीवर करून बघा. समजा, तुम्हाला ५० भाट्या मिळाल्या: २ तांबड्या, १४ दुरंगी, ३४ काळ्या गटातल्या. प्रत्येकीकडे दोन एक्स, एकूण १००. तांबडे एक्स किती? तांबड्या दोघींचे चार, दुरंगींचे चौदा, मिळून १८. म्हणजे प्रमाण ०.१८.

आता उलटा हिशेब. तांबड्या भाट्या ०.१८ गुणिले ०.१८, म्हणजे ०.०३२४, ५० मध्ये साधारण १.६. दुरंगी दोन गुणिले ०.१८ गुणिले ०.८२, म्हणजे ०.२९५२, ५० मध्ये जवळजवळ १५. उरलेल्या ३३-३४. मोजलेल्या आकड्यांशी छान जुळतं. आणि बोक्यांत? त्यांना एकच एक्स, म्हणून तांबडे बोके थेट १८ टक्के. ४० बोके पाहिले असतील तर सातेक तांबडे हवेत. तांबडं मांजर दिसलं की तो बोकाच असणार असं बाजारात म्हणतात, त्याचं कारण हे: बोक्याला एक चिठ्ठी लागली तरी पुरते, भाटीला दोन लागाव्या लागतात.

फिक्या रंगाचा हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. समजा, १०० मांजरांत ९ राखाडी किंवा पिवळट निघाली. फिकं दिसायला दोन आवृत्त्या लागतात, म्हणून ०.०९ चं वर्गमूळ काढा: ०.३. मग एकच आवृत्ती पोटात बाळगणारी, दिसायला गडद मांजरं किती? दोन गुणिले ०.३ गुणिले ०.७, म्हणजे शंभरात ४२. दिसतात नऊ, वाहून नेतात बेचाळीस.

आकडे जुळले नाहीत तर वही फाडू नका. दोन वाटांची तुलना करा, एक कोळीवाड्याची, एक मोठ्या वसाहतीची. जिथे पाळीव मांजरं सोडली जातात किंवा एकाच टोळीची नसबंदी झाली आहे, तिथे हार्डीच्या अटीच मोडलेल्या असतात. न जुळणारा आकडा कुठे बोट दाखवतो ते शोधणं हाच प्रकल्पाचा उत्तम भाग, आणि प्रदर्शनातल्या परीक्षकांना तोच आवडतो.

घरातल्या माणसांवर लावताना जपून

मांजरं झाली की मुलांना घरातली माणसं खुणावतात. जीभ गुंडाळता येणं हे साधं प्रभावी लक्षण आहे असं स्टर्टेव्हंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४० मध्ये लिहिलं, आणि ते अजून प्रकल्पांच्या वह्यांत फिरतंय. १९५२ मध्येच एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या गेल्या. ७ जोड्यांत एकाला जमत होतं, दुसऱ्याला नाही. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, हेही तितकं साधं नाही. यावरून कुणाच्या आईबापांबद्दल काहीही ठरवू नका.

रक्तगट पक्के असतात, म्हणून मी एकदा घरच्यांचे रक्तगट लिहून आणायचा गृहपाठ दिला होता. दुसऱ्या दिवशी एका मुलीची वही कोरी होती. मी कारण विचारलं नाही, पण तो गृहपाठ पुन्हा दिला नाही. आता मी बनावट घराणं देते आणि त्यावर सोडवायला लावते.

फिक्या रंगाचा हिशेब झाला की थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार सांगायची हीच वेळ. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला कल्पनाही नसते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त असल्याने मुंबईत याची चर्चा बरीच होते. हिमोग्लोबिन ए२ च्या तपासणीतून वाहक ओळखता येतो, आणि ती लग्नाआधी किंवा निदान बाळाच्या विचाराआधी करावी.

शेवटचा रकाना: पांढरं मांजर

एक मांजर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. डागांचं नव्हे, नखशिखांत पांढरं. यात एक प्रभावी जनुक बाकी सगळ्या रंगांवर चादर घालतं. चादरीखाली तांबडं असेल, काळं असेल, पट्टे असतील. काहीच दिसत नाही. (अशी निळ्या डोळ्यांची मांजरं पुष्कळदा बहिरी असतात, रस्त्यावर हाक मारून हलली नाहीत तर उद्धट समजू नका.)

एका जनुकाने दुसऱ्याला झाकण्याचं जगभर शिकवलं जाणारं एक उदाहरण आपल्याच शहराच्या नावाचं आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईत सापडलेल्या एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच बॉम्बे रक्तगट. ए आणि बी हे पदार्थ रक्तपेशीवर एच नावाच्या पायावर चढतात. एच बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही आवृत्त्या निकामी असतील तर पायाच नाही, मग वर ए-बी चढणार कुठे? साध्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ दिसतो, पण त्याला ओ रक्तही चालत नाही. बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात दहा हजारांत साधारण एक. आणि कागदावर ‘ओ’ असलेल्या आईबापांना ‘बी’ गटाचं मूल झालं, तर आई बॉम्बे गटाची असून तिच्यात बी झाकलेला असू शकतो. त्यावरून घरात भांडण काढण्याआधी रक्तपेढीत एच ची तपासणी करून घ्यावी. बॉम्बे नावाची एक काळीभोर मांजरही आहे, पण तिची जात अमेरिकेत केंटकीमध्ये तयार झाली. शहराचं नाव तिने फक्त काळ्या बिबट्यासारखं दिसण्यापायी उसनं घेतलं.

तर पांढऱ्या मांजराच्या रंगाच्या रकान्यात ‘पांढरा’ लिहू नका. ‘झाकलेला’ लिहा आणि हिशेबातून ते मांजर बाहेर ठेवा. भाटी असेल तर तिच्या पिल्लांची वाट पाहा. खाडीच्या बाजूला एक अशीच होती, दोन पावसाळे माझ्या वहीत ‘झाकलेली’. गेल्या दिवाळीत तिला तीन पिल्लं झाली, दोन तिच्यासारखी आणि एक तांबडा. आठ आठवडे थांबले, दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा विसर्ग. मग तिच्या जुन्या नोंदीसमोर पेन्सिलीने लिहिलं: खाली तांबडं आहे.